एक माणूस, एक कलाकृती : आवडत्या चित्र-शिल्पांची बैठक घरी कशी भरवावी

गाण्याची मैफल घरी होते, भजनी मंडळ गल्लीत जमतं, कविसंमेलनाला तर आपल्याकडे निमित्तही लागत नाही. चित्रं आणि शिल्पं मात्र एकट्यानं बघायची गोष्ट होऊन बसली आहेत. खान्देशात पाहुणे आले की आपण त्यांना अजिंठ्याला नेतो, रांगेत चालतो, पद्मपाणीपुढे गाइडचं ऐकतो, फर्दापूरला चहा घेतो आणि अंधार पडायच्या आत घरी. काय आवडलं, का आवडलं, यावर गाडीतसुद्धा कुणी बोलत नाही.

ही बोलायची सवय लावायला एक सोपा प्रकार आहे. आठ-दहा माणसं, एक संध्याकाळ, आणि प्रत्येकानं आपल्याला मनापासून आवडणारी एकच कलाकृती आणायची. ती हडप्पाकाळातली असेल, मागच्या वर्षी घडवलेली असेल, परदेशातली असेल नाहीतर शेजारच्या गावातली. सगळ्यांनी ती बघायची आणि मग बोलायचं. धुळ्यात आम्ही अशा बैठका भरवतो. त्यातून जे जमलं ते इथं क्रमानं सांगतो.

माणसं जमवणं

दहाच्या वर जाऊ नका. एका माणसाला बारा मिनिटं धरली तरी दोन तास होतात, आणि दोन तासांनंतर चांगलं चित्रही डोळ्यांपुढून नुसतं सरकतं. कमीत कमी सहा जण तरी हवेत, नाहीतर बैठकीची गप्पांची संध्याकाळ होते.

सगळे चित्रकलेचे शिक्षक बोलावू नका. त्यांच्यातला एखादा असावा, पण त्याच्या बाजूला शिंपी, गवंडी, वेल्डिंगवाला, सोनार, शेतकरी, नर्स, शाळकरी पोर असं कुणी बसलेलं बरं. प्रत्येकाचा धंदा त्याच्या डोळ्यांत असतो. शिंपी आधी कापडाची चूण बघतो, गवंडी कमानीचा भार कुठं उतरला ते बघतो, आणि नर्स माणसाच्या उभं राहण्यावरून त्याची कंबर दुखते का ते सांगते. पुस्तकी माहितीतून हे मिळत नाही.

एक जण निमंत्रक असावा. त्याचं काम तीन गोष्टींचं : आधी चित्रं गोळा करणं, त्यांचा क्रम लावणं आणि वेळ झाली की माणसाला प्रेमानं थांबवणं. तिसरं काम सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे एखाद्या आबांना मध्येच थांबवायचं म्हणजे धाडस लागतं. उपाय असा की वेळ सांगायचं काम घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलीकडे द्यावं. "आबा, झाली बारा मिनिटं" हे तिनं म्हटलं की आबा हसून थांबतात.

दिवस आणि जागा

एप्रिल-मे विसरा. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि उरलेली माणसं लग्नांत अडकलेली असतात. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा शेतकरी घरातली माणसं यायची नाहीत. डिसेंबर-जानेवारी उत्तम. तेव्हा भरताची वांगी बाजारात येतात, लोकांना शेतात भरीत पार्टीला जमायची सवय असतेच. तिलाच ही बैठक जोडून द्या. आधी चित्रं, मग भरीत आणि कळण्याची भाकरी. उलटं केलंत तर चित्रांच्या वेळी निम्मी मंडळी पेंगतील.

पडद्याचे तीन पर्याय. घरातला मोठा टीव्ही दहा माणसांना पुरतो आणि त्याचे रंगही प्रोजेक्टरपेक्षा खरे दिसतात. प्रोजेक्टर लावायचा तर अंधार हवा. गच्चीवर साडेसातनंतर पांढऱ्या चादरीवर चित्र छान येतं, पण चादर चारही कोपऱ्यांना ताणून बांधा, वाऱ्यानं हलली की बुद्धाच्या चेहऱ्यावर लाटा येतात. तिसरा पर्याय ए-थ्री आकाराच्या रंगीत प्रिंटचा. खेड्यात विजेचा भरवसा नसेल तर हाच घ्या. मला स्वतःला प्रिंटच जास्त आवडते, कारण ती हातोहात फिरते आणि माणूस ती नाकाजवळ नेऊन बघतो.

निवड

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. "आवडती कलाकृती आणा" म्हटलं की पहिल्या बैठकीत अर्धे लोक मोनालिसा सुचवतात. ती खरंच आवडत असेल तर जरूर आणावी. पण बहुतेकांना ती माहीत असते, एवढंच. निवड पक्की करायला एक साधी परीक्षा सांगतो : फोटो समोर ठेवून, मोबाइल बाजूला सारून, पाच मिनिटं नुसतं बघा. पाचव्या मिनिटाला काही नवीन दिसलं तर ती कलाकृती आणा. दुसऱ्याच मिनिटाला हात मोबाइलकडे गेला तर दुसरी शोधा.

निमंत्रकानं एवढं बघावं की सगळ्यांच्या निवडी मिळून चार बाजू भरतात : एक तरी फार जुनी, एक आपल्या आसपासची, एक परदेशातली आणि एक हयात कलावंताची. कुणाला काही सुचत नसेल तर पुढची उदाहरणं कामी येतील. यातली प्रत्येक गोष्ट बैठकीत चालते, कारण प्रत्येकीत बघण्यासारखं काहीतरी नेमकं आहे.

फार जुन्यापासून सुरुवात करू, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे इथं पुरातत्त्वज्ञ सु. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर माणसानं आडव्यातिडव्या रेघा कोरल्या आहेत. तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी आपल्या भागात शहामृगं फिरत होती हे ऐकूनच पोरं सरसावून बसतात. पण बैठकीत त्या रेघांकडेच लक्ष वेधा : त्या सीमेच्या रेघांमध्ये बसवलेल्या आहेत, जाळीसारख्या एकमेकींना छेदतात. म्हणजे कोरणाऱ्यानं आधी चौकट धरली आणि मग आत नक्षी भरली. जवळच्या कुणा मोठ्या मायच्या हातावरचं गोंदण आठवा. त्यातही हेच केलेलं असतं. या दोन गोष्टींत काही ऐतिहासिक धागा आहे असं मी म्हणत नाही; दोन्ही शेजारी ठेवून बघायला मजा येते, एवढंच.

दुसरं उदाहरण दायमाबादच्या काशाच्या रथाचं. प्रवरेकाठी, १९७४ साली, एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खोदताना चार काशाच्या मूर्ती सापडल्या : हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. हाकणारा माणूस उभा आहे आणि त्याच्यापुढे दांडीवर एक कुत्रं. या मूर्तींच्या काळावरून अभ्यासकांत वाद आहे, बरेच जण त्यांना उत्तर हडप्पाकाळातलं मानतात. पोळ्याला बैल सजवणारा माणूस हा रथ बघतो तेव्हा तो काळाचा प्रश्नच विचारत नाही. तो जू कसं बसवलं आहे ते बघतो, बैलांची मान केवढी लांब केली आहे ते बघतो, आणि "हा गडी बैलांना मारत नसेल" असं काहीतरी म्हणतो. अशी वाक्यं लिहून ठेवा.

तिसरं, मला सगळ्यात जवळचं : पितळखोऱ्याचा यक्ष. चाळीसगावहून कन्नडच्या बाजूला, गौताळा अभयारण्याच्या दरीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या उत्खननात मिळालेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, पोट सुटलेला, गालातल्या गालात हसणारा यक्ष. डोक्यावर त्यानं दोन्ही हातांनी काहीतरी तोललं आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरलं आहे की हे काम कृष्णदास नावाच्या सोनारानं केलं. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासची ही गोष्ट. त्या काळच्या बहुतेक शिल्पांवर घडवणाऱ्याचं नाव नसतं, इथं आहे, आणि तो धंद्यानं सोनार. म्हणून मग त्याच्या गळ्यातले, हातातले दागिने बघा. दगडात काम करताना सोन्याचा हात कुठं दिसतो ते शोधा. बैठकीत एखादा सोनार बसला असेल तर त्याला आधी बोलू द्या.

मोहेंजोदडोची नर्तकी कुणी ना कुणी आणतंच. तिच्याबद्दल पाठ्यपुस्तकातलं सांगू नका. तिच्या डाव्या हातात खांद्यापर्यंत बांगड्या आहेत, उजव्या हातात मोजक्याच. तोल कसा बदलला आहे ते बघा. हनुवटी किती वर आहे ते बघा. ती नाचते आहे, असं आपण नावावरून धरून चालतो. मूर्तीत मात्र ती नुसती कंबरेवर हात ठेवून उभी आहे.

अजिंठ्याचं काय? अजिंठा बैठकीत आणायला अवघड, कारण सगळ्यांना वाटतं आपण तो पाहिलाय. म्हणून आख्खा अजिंठा आणू नका, एक कोपरा आणा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फक्त कमळ धरलेला हात. नाहीतर सतराव्या लेण्यातली आरशात बघणारी स्त्री आणि तिच्याभोवतीच्या दासी. आणि चित्राबरोबर त्याची नक्कल करणाऱ्यांची गोष्ट सांगा, ती खास आपल्या भागातली आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी माणसानं वर्षानुवर्षं तिथं राहून मोठाल्या कॅनव्हासवर नकला केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. १८८५ मध्ये लंडनला त्यांतल्याही कितीतरी आगीतच गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याला भुसावळला पुरलं. भुसावळच्या माणसांना हे सांगा आणि त्यांचे चेहरे बघा.

परदेशातलं काही आणायचं तर घरगुती विषय निवडा. डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी बाई, साधारण १६६० च्या आसपासची, घरातल्या सगळ्यांना कळते. तिच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर खिळा आहे, खिळ्याची सावली आहे आणि जुन्या खिळ्यांची भोकंही आहेत. हे दिसेपर्यंत बराच वेळ जातो आणि दिसलं की सगळे पुढे सरकतात. व्हॅन गॉगचं बटाटे खाणारं कुटुंब (१८८५) भरीत पार्टीच्या दिवशी आणाच. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात घातले आहेत हे दाखवायचं होतं, असं त्यानं भावाला पत्रात कळवलं होतं. आपल्याकडच्या शेतातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जपानी चित्रकार होकुसाईची मोठी लाट बहुतेकांनी मोबाइलच्या कव्हरवर पाहिलेली असते, पण लाटेखाली तीन होड्या आहेत आणि त्यांत वल्हवणारी माणसं वाकून बसली आहेत हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

विसाव्या शतकातलं अमृता शेरगिलचं नाव घ्यावंच लागतं. १९३६ च्या अखेरीस ती अजिंठ्याला आली आणि पुढच्याच वर्षी तिनं वधूच्या शृंगाराचं चित्र काढलं. ते आणि सतराव्या लेण्यातली आरशातली स्त्री एकामागून एक दाखवा. मधे काहीही बोलू नका.

आपल्या भागातले कलावंत मात्र लोकांना ठाऊकच नसतात, आणि याचं मला नवल वाटतं. केकी मूस (१९१२–१९८९) चाळीसगावात रेल्वे स्टेशनजवळच्या घरात जवळजवळ अर्धशतक राहिले, बाहेर फारसे पडलेच नाहीत. टेबलावर कापूस, पीठ, काचा, खेळण्यातल्या वस्तू मांडून, प्रकाश टाकून ते असे फोटो काढत की बघणाऱ्याला बर्फाळ डोंगर नाहीतर वादळातला रस्ता दिसावा. यातला एखादा फोटो बैठकीत दाखवा आणि "हे कुठलं ठिकाण?" एवढंच विचारा. कुणी काश्मीर म्हणेल, कुणी युरोप. मग टेबलाचं सांगा. दुसरे राम सुतार. १९२५ साली धुळे तालुक्यातल्या गोंदूरला सुतारकाम करणाऱ्या घरात त्यांचा जन्म. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांचाच. पण बैठकीत पटेल आणू नका. त्याची उंची सांगून झाली की बोलणं संपतं. त्यांनी घडवलेला गांधीजींचा अर्धपुतळा आणा आणि चष्म्याशिवाय डोळे कसे घडवले आहेत ते बघा. तरुणपणी त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम केलं होतं, हेही सांगण्यासारखं.

हयात कलावंतांबाबत लोक बिचकतात. "ते मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही" हे वाक्य येणारच. तेव्हा सुरुवात भुरीबाईंपासून करा. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या या भिल्ल बाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नंदुरबारकडच्या माणसाला ते ठिपके, ते घोडे, ती झाडं परकी वाटत नाहीत. मग सुबोध गुप्ता यांची २००६ सालची प्रचंड कवटी दाखवा. ती आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या भांड्यांची केलेली आहे. काकू मंडळी आधी भांडी ओळखतात : हा डबा, हा पेला, ही बालदी. मग एकदम कवटी दिसते. अतुल डोडिया यांनी दुकानांच्या शटरवर काढलेली चित्रंही तशीच सोपी पडतात, कारण शटर वर केलं की आत दुसरं चित्र असतं. दुकानदाराला ते लगेच उमजतं.

आणि कुणी घरातली गोधडी, पोळ्याची झूल, आजीनं काढलेली जिवतीची भिंत किंवा कानबाईची मांडणी आणली तर नको म्हणू नका. अट एकच : बाकीच्यांसारखीच ती पाच मिनिटांच्या परीक्षेत उतरली पाहिजे. केवळ आजीची म्हणून नाही.

चित्र मिळवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो वापरू नका. पाठवताना तो दाबला जातो आणि मोठ्या पडद्यावर चेहऱ्याचे चौकोन दिसतात. ॲमस्टरडॅमचं राइक्स म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट ही संग्रहालयं आपल्या कितीतरी कलाकृतींची मोठ्या आकारातली चित्रं फुकट उतरवून घेऊ देतात. विकिमीडिया कॉमन्सवरही भरपूर आहेत. भारतीय संग्रहालयांतल्या वस्तूंसाठी सरकारचं म्युझियम्स ऑफ इंडिया पोर्टल चाळा. एकमेकांना पाठवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दाबलं जाणार नाही.

प्रत्येकानं तीन फोटो आणावेत : पूर्ण कलाकृती, आपल्याला आवडणारा एक तपशील, आणि ती जिथं आहे तिथला भिंतीसकटचा किंवा माणूस शेजारी उभा असलेला एखादा फोटो. त्याबरोबर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नाव, कलावंत, वर्ष, माध्यम, आकार आणि आत्ता कुठं आहे एवढं लिहून आणावं. कलावंत अज्ञात असेल तर तसं लिहा. एकाच चित्राचे रंग दोन फोटोंत निराळे दिसले तर संग्रहालयाच्या स्वतःच्या फोटोवर विश्वास ठेवा.

हक्कांचं थोडक्यात. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चित्रावर हक्क राहतो. त्यामुळे शेरगिलची (मृत्यू १९४१) चित्रं मोकळी आहेत, हुसेन यांची (मृत्यू २०११) नाहीत. घरी दहा जणांत बघण्याबोलण्यावर कुणी आक्षेप घेत नाही. पण अशा चित्रांची पुस्तिका छापायची, बॅनर करायचा किंवा तिकीट लावायचं तर आधी परवानगी घ्या.

खरा आकार दाखवणं

पडद्यावर सगळंच एका मापाचं होतं. साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी आणि पावणेआठ मीटर लांबीचं पिकासोचं गेर्निका, दोन्ही टीव्हीवर सारखीच. बघण्यातली सगळ्यात मोठी गफलत इथं होते आणि तिचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. लहान वस्तूंसाठी पुठ्ठा त्याच मापाचा कापा आणि हातोहात फिरवा. नर्तकी आपल्या तळहातावर मावते हे कळल्यावर माणसं गप्प होतात. होकुसाईची लाट साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटर, व्हर्मीरची दूधवाली साधारण ४५ बाय ४१. पुठ्ठे करून ठेवा, पुढच्या बैठकीलाही चालतील. गेर्निकासाठी गच्चीवर खडूनं साडेतीन मीटर बाय पावणेआठ मीटरचा चौकोन आखा आणि लोकांना त्याच्या कडेनं चालायला लावा.

क्रम लावणं

काळाप्रमाणे लावला तर बैठक शाळेचा तास होते. त्यापेक्षा जोड्या लावा. पाटण्याच्या रेघांनंतर भुरीबाईंचे ठिपके. अजिंठ्यानंतर शेरगिल. मूस यांच्या खोट्या बर्फानंतर होकुसाईची लाट. कृष्णदास सोनारानंतर सुबोध गुप्तांची भांडी, म्हणजे धातूवाल्यांची जोडी. हसायला लावणारं काही असेल तर मध्यावर ठेवा, आणि ज्याच्यावर भांडण होईल असं वाटतं ते शेवटून दुसरं. शेवटी साधं, सगळ्यांना आवडणारं ठेवलं तर जेवणावर राग निघत नाही.

प्रत्यक्ष बैठक

दर कलाकृतीला तीन टप्पे, आणि त्यांचा क्रम मोडू नका.

पहिली दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. आणणाऱ्यानंही नाही, नावसुद्धा सांगायचं नाही. दोन मिनिटं आपल्याला फार लांब वाटतात. एक मिनिट झालं की कुणीतरी खाकरतं. थांबा.

मग निमंत्रकानं एकच विचारायचं : काय दिसतं? अर्थ काय, असं विचारायचं नाही. गावाकडच्या माणसांना अहिराणीत विचारा, "तुले काय दिखी ऱ्हायनं?" माणूस मोकळा होतो, कारण परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही. उत्तरं "बाई दिसते, भांडं दिसतं" इतकी साधी असू द्या. लहान मुलांपासून सुरू करा, मोठ्यांचं ऐकून झाल्यावर ती तेच बोलतात. कुणी सुरुवातीलाच "फार सुंदर" म्हटलं तर विचारा, "नेमकं कुठं?" आणि त्याला उठून बोट ठेवायला लावा.

तिसऱ्या टप्प्यात आणणारा बोलतो. त्याला चार मिनिटं. त्यातलं एक मिनिट माहितीला, तीन मिनिटं "मला ही का आवडते" याला. इथं लोक इंटरनेटवरची माहिती वाचून दाखवायला लागतात. कागदाची घडी घालून खिशात ठेवायला सांगा. पाठ झालेलं तेवढं पुरे. उरलेला वेळ प्रश्नांना.

काही प्रसंग हमखास येतात. "हे तर माझा नातूही काढेल" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, नातवाला खरंच कागद-रंग द्या आणि पुढच्या बैठकीला त्याचं चित्र मूळ चित्राशेजारी ठेवा. मग दोन्हींत फरक शोधायला नाना स्वतःच पुढे येतात. जुन्या शिल्पांत उघडी शरीरं असतात. मुलं आणि वडीलधारी एकत्र असतील तर निमंत्रकानं ते आधी पाहून ठेवावं आणि घरच्या मोठ्या माणसाला अगोदर कल्पना द्यावी. नंतर फोटो झाकण्यापेक्षा ते बरं दिसतं. देवांच्या मूर्तींवर बोलताना कुणी हात जोडले तर जोडू द्या, आणि कुणी छिन्नीची खूण दाखवली तर तीही बघा. दोन्ही गोष्टी एका बैठकीत मावतात.

एखाद्याची निवड कुणालाच आवडली नाही तर? होऊ द्या. आणणाऱ्याची बाजू सावरायला खोटं कौतुक करू नका. त्याला फक्त विचारा की पाचव्या मिनिटाला त्याला काय दिसलं होतं. पुष्कळदा खरी गोष्ट तिथंच निघते.

मतदान, पहिला क्रमांक, बक्षीस यांतलं काही ठेवू नका. आम्ही ठेवत नाही. एकदा स्पर्धा सुरू झाली की लोक आवडतं सोडून जिंकणारं आणतात.

वही

एक जाड दोनशे पानी वही बैठकीची म्हणून ठेवा. प्रत्येक कलाकृतीला एक पान : वर माहितीचं कार्ड चिकटवायचं, खाली लोकांची वाक्यं, बोललेल्या भाषेतच. बैल बघून आलेलं वाक्य प्रमाण मराठीत सुधारू नका. पान भरणारा दर वेळी वेगळा असावा.

मग प्रत्यक्ष बघायला

बैठकांत आपल्या भागातल्या दोन-तीन गोष्टी आल्या की लोकांना जायचं असतं. अजिंठा सोमवारी बंद असतो. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे बस घ्यावी लागते, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. रंगवलेल्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसतं उभं राहा, बैठकीतली सवय तिथं कामाला येते. सगळी लेणी करायच्या नादी लागू नका, तीन निवडा : पहिलं, दहावं, सतरावं. दहाव्यातली चित्रं फार जुनी, बरीचशी पुसट, तरी त्या खांबावर स्मिथनं कोरलेलं नाव शोधायला पोरांना लावा.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात जुनी शिल्पं आणि नाणी बघायला मिळतात. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याच्या देवळांवरचं कोरीव काम बघायला जाताना संध्याकाळचा तिरपा उजेड साधा, भर दुपारी दगडावरची नक्षी सपाट दिसते. चाळीसगावात केकी मूस यांचं घर त्यांच्या वस्तू आणि फोटोंसह जपलेलं आहे. मुंबई–भुसावळ मार्गावरची गाडी आणि धुळ्याहून येणारी गाडी दोन्ही चाळीसगावला थांबतात, त्यामुळे सकाळी मूस यांचं घर आणि दुपारून पितळखोरा असा एक दिवस बसतो.

पितळखोऱ्याला मात्र पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं. पावसाळ्यात लेण्यांवरून धबधबा पडतो, दिसायला देखणा, पण पायऱ्या शेवाळानं निसरड्या होतात. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हिवाळ्यातच जा. पाणी बरोबर न्या, आणि मूळ यक्ष तिथं नाही, दिल्लीला आहे, हे निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा. त्याच्या फोटोची ए-थ्री प्रिंट पिशवीत घ्या आणि ज्या लेण्यांपुढे तो सापडला तिथं उघडून बघा.